लाह्यांचं पीठ, पळीवाढं

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबांच्या वाटीत ते राखाडी काय असतं? मी म्हटलं, "सिरीयल." तुम्ही खूप हसलात. तुमच्याकडे खोका उघडून दूध ओतलं की सिरीयल तयार होतं, तेव्हा हसणं साहजिक आहे. नीट समजावून सांगायचं त्राण त्या वेळी माझ्यात नव्हतं. आज पाणी यायचा दिवस नाही, आजोबांना नुकतीच झोप लागली आहे, आणि माझा उजवा खांदा असा धरला आहे की चाळणी उचलवत नाही. म्हणजे नुसतं बसणं भाग आहे. म्हणून आज लिहिते. पुढच्या खेपेला हे पीठ माझ्याने होईल की नाही, सांगता येत नाही. तुमच्या बाबांनी हे वाचून दाखवावं, आणि मधलं काही गाळू नये.

मागच्या फाल्गुनात आजोबांना पक्षाघाताचा झटका आला, हे तुम्हांला माहीत आहे. हातपाय थोडेफार सुधारले, बोलणंही तुटक का होईना परत आलं. गिळणं काही परत आलं नाही. आपण घोट घेतो तेव्हा घशातली वाट आपोआप बरोबर ठिकाणी वळते. त्यांची ती वळायला उशीर करते, आणि पाणी पोटाऐवजी छातीकडे जातं. म्हणून इस्पितळात नाकातून पोटापर्यंत नळी घातली होती. ती त्यांनी चांगल्या हाताने उपटून काढली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. मग तो हात पलंगाला बांधून ठेवत. ज्या माणसाने आयुष्यात कधी सदऱ्याचं बटणसुद्धा दुसऱ्याला लावू दिलं नाही, त्याला मी तसं बांधलेलं पाहिलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी नळी काढली आणि सांगितलं, "तोंडाने पुरेसं गेलं तर उत्तम. वजन असंच उतरत राहिलं तर परत नळी." पातळ द्यायचं नाही, घट्टही द्यायचं नाही. पळीतून पडावं, पण धार लागू नये. आपल्याकडे त्याला पळीवाढं म्हणतात. आजोबांनी हे सगळं ऐकलं होतं. रिक्षात त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "नळी नको."

"मग खावं लागेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि खाणं वेगळं.

तुमच्या बाबांनी तिथे बसून इथे खोके मागवले. ओट्स आले, कॉर्नफ्लेक्स आले, चॉकलेटच्या वासाची कसलीशी पावडर आली. मी ते शिजवलं, घोटलं, गाळलं. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, कशाला किती दूध ते ठरवून ठेवलं. आजोबा एक चमचा घेत आणि ओठ मिटून बसत. मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, हट्टी मुलं पुष्कळ पाहिली. पण मिटलेले ओठ उघडायची युक्ती मला शिकवली गेली नव्हती. पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त ओढावी लागे.

चैत्रातल्या एका सकाळी मी चमचा धरून बसले होते, आणि ते म्हणाले, "लाह्या."

"कसल्या लाह्या?"

"आईच्या."

त्यांची आई, म्हणजे तुमची पणजी, मंगळवेढ्याकडच्या आपल्या गावी असायची. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती ज्वारीच्या लाह्या फोडायची, कारण पंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत. नागाला दाखवून उरलेल्या लाह्या ती दळायची, आणि पुढे बरेच दिवस घरात सकाळी तेच पीठ दुधात कालवून सगळे खायचे. आमचं लग्न झाल्यावर त्या लाह्या फडक्यात बांधून एसटीने सोलापूरला यायच्या. ती गेली आणि ते बंद पडलं. मी स्वतः लाह्या कधी केल्या नव्हत्या.

आपल्या घरात ज्वारी मंगळवेढ्याची. सोलापुरात कोणालाही विचारा, ज्वारी म्हटलं की तो दुसरं नाव घेणार नाही. टपोरा दाणा, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. मग लाह्याही तिच्याच उत्तम होणार, याबद्दल मला शंकाच आली नाही. मी ती निवडली, स्वच्छ धुतली, आणि धुतलेली प्रत्येक वस्तू आपण जिथे नेतो तिथे, म्हणजे गच्चीवर, उन्हात पसरली. दुपारपर्यंत ज्वारी खडखडीत वाळली. मला फार नीट काम झाल्यासारखं वाटलं.

लोखंडी कढई तापवून त्यात मूठभर टाकली. दाणे तांबूस झाले, मग काळे. कुठेतरी एखादी लाही फुटली. बाकी सगळे न फुटलेले दाणे, गणंग नुसते. स्वयंपाकघर धुराने भरलं आणि पलीकडे आजोबांना ठसका लागला. तरी मी ते दळून दुधात कालवलं. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, थोडा वेळ ठेवलं, आणि ते हनुवटीवरून गळ्यातल्या रुमालावर ओघळू दिलं.

मग मी बाजारात गेले. धान्याच्या दुकानदाराने लाह्यांची ज्वारी म्हटल्यावर माझ्याकडे चमकून पाहिलं. "मॅडम, पंचमीला अजून लई टाइम हाय की. श्रावणात या."

श्रावणापर्यंत थांबायला आमच्याकडे सवड नव्हती. मी गावी वन्संना फोन लावला. वन्सं म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, तुमच्या बाबांची आत्या. गावीच दिलेली, शेती करते.

"वन्सं, लाह्या फुटत नाहीत हो."

"चैतात लाह्या? वैनी, नाग आलाय का घरात?"

"तुमचे दादा मागताहेत."

वन्संचा आवाज बदलला. "ज्वारी कंची घेतली?"

"घरातलीच, मंगळवेढ्याची. धुतली, गच्चीवर वाळवली..."

"गच्चीवर!" त्या फोनवर इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अवो, कुरडया घालत हुता व्हय? ती भाकरीची ज्वारी, पोटानं मऊ. लाहीला बारका, टणक दाणा लागतोय. आन् त्याच्या पोटात वल पायजे. वल समदी उन्हाला दिल्यावर फुटंल काय, कपाळ?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या स्वतः आल्या. पिशवीतून त्यांनी एक गाठोडं काढलं. आत बारीक, पिवळसर दाण्यांची ज्वारी होती.

"ही कुठून मिळाली?"

"बियाची हाय. बांधाकडंला दोन वळी पेरतो आमी, पंचमीपुरती."

"मग यंदा पेराल काय?"

"ऱ्हाईल की नागोबा एक साल उपाशी. त्याला कोण नळी घालतंय?"

मग त्या आजोबांच्या खोलीत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, ए दादा. जेवत न्हाय म्हणून आयला सांगू का?" आजोबा अर्ध्या चेहऱ्याने हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

आता कृती सांगते, कारण तुम्ही तीच विचारली होती. ज्वारीवर कढत पाणी शिंपडून ती हाताने चोळायची, आणि ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. सकाळी सोडून घरातच, पंख्याच्या वाऱ्यालाही नाही, नुसत्या सावलीत पसरायची. दाणा वरून कोरडा लागला पाहिजे, आतून नाही. कढई चांगली तापवून मूठ-मूठ टाकायची, आणि काठीला बांधलेल्या फडक्याच्या बोळ्याने दाणे भरभर फिरवत राहायचं. हात थांबला की करपलं. लाह्या उडतात, चेहऱ्यावर येतात, ओट्यामागे जातात. वन्संनी कढईत पहिली मूठ टाकली आणि तडतड सुरू झाली, तेव्हा पलीकडच्या खोलीतून आजोबांनी "हां" असा मोठा आवाज काढला.

ताज्या लाह्या दुधात भिजवून, बोटाने चेपून वन्संनी त्यांच्या तोंडात घातल्या, जशा त्यांची आई लहान मुलांना भरवायची तशा. मी "थांबा" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. लाहीला ज्वारीचं टरफल चिकटलेलं असतं. ते घशात अडकलं. आजोबांचा श्वास अडला, चेहरा काळानिळा पडला. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या. अखेर टरफल बाहेर पडलं, आणि आजोबा बराच वेळ धापा टाकत राहिले.

वन्सं भिंतीला टेकून रडायला लागल्या. "मी मारलं असतं की गं बाई माज्या दादाला."

"तुम्ही नाही. टरफलाने," मी म्हटलं. "दळू, आणि चाळू."

लाह्यांमधले गणंग वेचून काढले. मिक्सरमध्ये बारीक केलं, मैद्याच्या चाळणीने चाळलं, चाळलेलं पुन्हा मलमलीतून चाळलं. वन्सं डोळे पुसत बघत होत्या. "एवढं बारीक? ह्यो काय तोंडाला लावायचा पावडर हाय का?"

ते पीठ मी कोमट दुधात थोडं थोडं घालून ढवळलं, बारीक किसलेला गूळ विरघळवला, आणि पळी वर धरून पाहिली. पडत होतं, धार नव्हती. पहिला चमचा मी दिला. वन्संनी तोंडावर पदर धरला होता. आजोबांनी हनुवटी छातीकडे घेतली, तसं करायला त्यांना शिकवलं होतं, आणि गिळलं. ठसका आला नाही. दुसरा दिला. तिसऱ्याला त्यांनी चमचा अडवला.

"सुंठ," ते म्हणाले. "आई सुंठ घालायची."

मी उठून सुंठ उगाळली. त्या सकाळी त्यांनी वाटी संपवली.

पुढचे महिने आम्ही त्या वाटीवर काढले. सकाळी पीठ गेलं की दिवसभर दुसरंही थोडं जाई. वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं, आणि डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. श्रावणात दुकानात लाह्यांची ज्वारी आली, तेव्हा मी वर्षभराची भरून ठेवली.

हे ऐकायला छान वाटतं. रोज करताना तसं वाटत नाही. ओलवा, पसरा, फोडा, वेचा, दळा, चाळा, आणि पुन्हा चाळा. त्याबरोबर गोळ्या कुटणं, पाणी पावडरीने घट्ट करून पाजणं, भरवायला तासभर, भरवून झाल्यावर त्यांना ताठ बसवून ठेवणं, दुधाचे रुमाल धुणं. पाणी येईल त्या दिवशी तर पिंपं भरण्यातच सकाळ जाते. मदतीला बाई येते, पण ती चाळण्यात घाई करते आणि एक टरफल राहिलं तरी मला चालत नाही. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, तयार मिळतं ना सगळं. कशाला एवढं करत बसतेस?" मी भांडले नाही. भांडायलाही ताकद लागते. खांदा दिवाळीच्या आसपास दुखायला लागला. काठी फिरवताना मी डावा हात वापरायला लागले, त्याने निम्म्या लाह्या करपायच्या.

दिवाळीनंतर आजोबांच्या छातीत कफ झाला. रोज थोडं थोडं आत जातच होतं, आम्हांला कळलं नव्हतं. पुन्हा इस्पितळ. या वेळी डॉक्टर म्हणाले, नाकातून नाही, थेट पोटात नळी घालू. त्रास कमी होतो, हात बांधावे लागत नाहीत. पण त्यांची संमती हवी. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. खिडकीकडे बघत राहिले. रिक्षातलं त्यांचं बोलणं मला आठवत होतं, आणि त्याच वेळी माझ्या मनात दुसराही विचार होता: नळी घातली तर मला बसता येईल. हे कुणाला सांगायचं नसतं, पण तुम्हांला खरं सांगायचं ठरवलं आहे.

आजोबाच म्हणाले, "घाला."

"अहो, तुम्हांला नको होती ना?"

ते माझ्या खांद्याकडे बघत होते. "तू दमलीस," म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून, एकेक शब्द वेगळा करत, "सकाळचं. ते. राहू दे."

डॉक्टरांनी मला विचारलं, सकाळचं म्हणजे काय. मी सांगितलं. ते जरा घुटमळले आणि म्हणाले, चवीपुरतं द्या, पोट भरायला नको, आणि कफ वाढला तर बंद.

आता त्यांचं जेवण नळीतून जातं. मोठी पिचकारी असते, ती मी डाव्या हाताने धरते. त्याला फार जोर लागत नाही. भूक लागली असं ते म्हणत नाहीत. पोळीचा, फोडणीचा वास आला की दुसरीकडे बघतात. जेवणाच्या वेळी मी माझं ताट घेऊन स्वयंपाकघरात जाते.

पण सकाळी त्यांना पलंगावर ताठ बसवून, रुमाल बांधून, लाह्यांच्या पिठाचे तीन-चार चमचे भरवते. ते हनुवटी खाली घेतात आणि गिळतात. तोंडाने ते आता एवढंच खातात.