माझ्या भावाच्या पलटणीचा झेंडा

डिंकाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. कल्याणच्या आमच्या खोलीत थोरल्या भावाने मातीचे बोटभर शिपाई करून एका काल्पनिक राजाची फौज उभी केली होती आणि झेंड्याचं काम माझ्यावर टाकलं होतं. मी हळद, कुंकू, नीळ डिंकात कालवून कागदावर झेंडे रंगवत होते. लाल-हिरवा पाहून तो म्हणाला, "हे काय, गार्डाचे झेंडे?" पिवळा देवळावरचा वाटला. निळ्यावर मी मासा काढला, तर म्हणे, "अगं, ही फौज आहे, होडी नाही!" आठवा झेंडा नापसंत झाल्यावर मी ओरडले, "दादा, तुझं राज्य आहे तरी कुठे?" तो शांतपणे म्हणाला, "झेंडा आवडला की ठरवणार." मी अर्धे शिपाई उचलले, खिडकीत मांडले आणि त्यांच्यावर माशाचा झेंडा लावला. "ही फितुरी आहे!" म्हणत त्याने तिथल्या तिथे युद्ध पुकारलं. मग स्वतःच्या बिनझेंड्याच्या फौजेकडे पाहून हळूच म्हणाला, "आधी मला एक झेंडा काढून दे ना." आणि आज आठवलं तरी स्वतःचाच राग येतो, मी बसले काढायला.