जहाजाचा पिक्चर आणि दत्तूची सुपारी

हा किस्सा मला सांगायचा नव्हता. पण हॉटेलात टेकलो रे टेकलो की तुमचं सुरू होतं, "तात्या, तो जहाजाचा सांगा की." तुम्हाला दुसरी कामं न्हाईत व्हय? माझ्या घरातलं एक लग्न मोडलं आणि तुम्हाला ते चहाबरोबर चघळायला पाहिजे. बरं, सांगतो. मध्येच कुणी हसलं तर उठून जाईन.

सत्तर साल उलटून गेलं होतं. मी इथं सोलापुरात टॉकीजमध्ये डोअरकीपर होतो. चौथी नापास माणसाला आणखी कोण काय देणार? तिकीट फाडायचं, बॅटरी मारून उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवायची. इंटरव्हल झाला की मला बाहेर सायकल स्टँडवर उभं करायचे, कारण पिक्चर सुटताना दुसऱ्याची सायकल घेऊन जाणारे लई. म्हणजे बघा, मी शेकडो पिक्चर पाहिले, पण सगळे अर्धे. हीरो-हिरॉइनची भांडणं मी पाहिली, लग्नं कधी पाहिली न्हाईत.

तर माझा धाकटा भाऊ दत्तू. तो मुंबईला नेव्हीत लागला होता. बाप आमचा आधीच गेलेला, त्यामुळं त्याचं लग्न माझ्या अंगावर. वळसंगचं स्थळ आलं. पोरगी शांता, सातवी शिकलेली, नाकीडोळी नीटस. दत्तू रजेवर आला तेव्हा एकदाच तिला बघून आला आणि परत जाईपर्यंत जेवताना आपलाआपला हसत होता. मी समजायचं ते समजलो.

पण पोरीचा बाप मलकाप्पा घोळ घालून बसला. शेतकरी माणूस. आमच्या भागात पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, न्हाईतर विहीर. समुद्र कुणी पाहिलाय? तो म्हणायचा, "पावणं, मानूस बरा हाय. पर जहाजावर ऱ्हातो म्हंजी नेमका कुटं ऱ्हातो? करतो काय तितं?"

आता मला तरी काय ठाऊक? मी दत्तूला कधी विचारलं नव्हतं. नेव्ही म्हटल्यावर जहाज, जहाज म्हटल्यावर तोफा. मी गावभर तेच सांगत फिरत होतो.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्याकडं दुपारच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागला. लढाईचा. गोरे खलाशी परमुलखात एका नदीत बोट घेऊन राहिलेत. पहिला अर्धा भाग मी रोज बघत होतो. काय थाट! पांढरेशुभ्र कपडे, पितळ घासून लखलखीत, जेवायला ताटं भरून, आणि तिथली गडीमाणसं ह्या खलाशांची झोपल्या जागी दाढी करून देतात. मी म्हटलं, मलकाप्पाला तोंडानं काय समजवायचं? डोळ्यांनीच दाखवू.

मलकाप्पा, त्याची बायको आणि शांता, तिघं एसटीनं आले. मी त्यांना बाल्कनीत बसवलं. मशीनच्या केबिनमधून आमचा ऑपरेटर गफूर हे सगळं बघत होता. "कौन लोगां है रे?" म्हणाला. मी सांगितलं, दत्तूची सासुरवाडी. तो काहीतरी बोलायला लागला, पण खाली बेल झाली आणि मी पळालो.

इंटरव्हलला मी भजी घेऊन गेलो. मलकाप्पा खूश. "आयला, जावयाची दाढी दुसराच करतोय की."

बायको म्हणाली, "कापडं बी लई पांढरी. धुतंय कोन?"

"सरकार धुतंय," मी ठोकून दिलं.

मलकाप्पानं धोतराला हात पुसले. "जमलं म्हना मग. पिच्चर सुटला की हितंच सुपारी फोडू."

शांता खाली मान घालून भज्याचे तुकडे करत बसली होती. एकही खाल्लं न्हाई तिनं. आनंदानंच असणार.

मी उडत खाली आलो. सायकली गेल्या खड्ड्यात. शेजारच्या दुकानातून सुपारी, नारळ, पेढे आणले आणि रुमालात बांधून स्टँडवर उभा राहिलो. तेवढ्यात वर केबिनच्या खिडकीतून गफूरनं बॅटरी मारली. आमची ती खूण ठरलेली होती. मशीन सोडून त्याला उठता यायचं न्हाई, म्हणून एकदा बत्ती म्हणजे एक कप चहा. मी एक पाठवला. पुन्हा बत्ती. दुसरा पाठवला. तिसऱ्यांदा तर तो बॅटरी गरागरा फिरवायला लागला. मी म्हटलं, पाहुणा दिसतोय कुणीतरी. तिसरा पाठवला.

पिक्चर सुटला. मी रुमाल घेऊन जिन्याशी. शांताचे डोळे लाल. बायको पदर तोंडाला लावून. मलकाप्पा माझ्याकडं बघतसुद्धा न्हाई.

"काय झालं?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय?" तो म्हणाला. "तितली मान्सं चिडली, उठली त्येंच्यावर. दंगा झाला. त्यो खलाशी, दाढी करून घेनारा, गोळी लागून पडला."

मी रुमाल पाठीमागं धरला. तरी म्हटलं, "पिक्चरच तो मामा. मरण काय, शेतात सापाचं पान लागूनसुद्धा येतं."

"मरनाचं म्हनत न्हाय मी. त्येनं तितल्या एका पोरीला नादी लावलं हुतं. ती घाटावर वाट बघत हुबी. त्यो मेला, सुटला. बोट बी गेली. ती पोरगी तशीच हुबी, आनि ह्येंनी पडदा टाकला. तिला कुनी घरी बी न्हाय पोचवली." मग शांताकडं बघून म्हणाला, "मला माजी लेक घाटावर हुबी करायची न्हाय."

झालं. मी एसटी स्टँडपर्यंत मागं मागं गेलो. नारळ हातातच. एसटीत चढताना शांता जरा मागं राहिली आणि हळूच म्हणाली, "त्यास्नी पवायला येतं का?"

काहीही सांगायचं होतं की मी. येतं म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडाला वळण न्हाई. मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

ती चढली. गाडी गेली.

दिवाळीला दत्तू आला, तिच्यासाठी मुंबईची साडी घेऊन. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं साडी परत पिशवीत घातली. मग म्हणाला, "दादा, मी जहाजावर न्हाईच. मी गोदीतल्या भांडारात हाय. डाळ-तांदूळ मोजून देतो. बोटीवर एकदा चढलो, ते पोती उतरवायला. लग्न झाल्यावर खोली पण मिळणार होती. तू विचारलं का न्हाईस मला?"

मी उठायला लागलो.

"आणि पोहायला येतं मला," तो म्हणाला. "तूच शिकवलंस की. विहिरीत."

शांताला पुढं टेंभुर्णीला दिली. दत्तूचंही नंतर झालं, बायको चांगली मिळाली, आता जुळे सोलापूरला फ्लॅट आहे त्याचा. मला कधी एका शब्दानं बोलला न्हाई तो. फक्त टीव्हीवर समुद्र दिसला की उठून चॅनेल बदलतो. मी समोर असलो की आवाजही आधी बारीक करतो, मला वाईट वाटू नये म्हणून. त्यानं मला जास्तच वाईट वाटतं.

पण मी सोडलेलं न्हाई. गफूरला त्या पिक्चरचा शेवट पाठ होता. मी त्याला आजही इथं, ह्याच बाकड्यावर विचारतो, "तू मला सांगितलं का न्हाईस?"

तो म्हणतो, "अरे तात्या, तीन बार बत्ती दिखाया मैं. बोला, इन लोगां को उठाके ले जा, आगे हीरो मरता. तू चाय भेजा."

"मग चहा परत पाठवायचास."

"गरम था. पी लिया."

ऐकलंत? एकट्यानं तिन्ही कप प्यायला, आणि वर त्या दिवशी मला खाली येऊन म्हणाला होता की तिसऱ्यात साखर कमी होती. आता तुम्ही हसा, न्हाईतर मला वेड्यात काढा. पण माफी मागायची ती गफूरनं, मी न्हाई.