भोजनदानाआधीची भाषणे

माझे पूर्ण नाव महादेव सखाराम जाधव, वय सत्त्याहत्तर वर्षे. शाळा चौथीपर्यंत, पुढील शिक्षण विहाराच्या वाचनालयात माझे मीच केले. चार माणसे मिळून कार्य काढतात, तेव्हा कार्य एका दिवसात आटोपते, किस्से मात्र जन्मभर पुरतात! एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आम्ही भिवंडीत आशियाई संस्कृती मेळावा भरवला, त्याचेही तसेच झाले.

पाहुण्यांत श्रीलंकेचे व थायलंडचे भिक्खू होते. ते मध्यान्हीनंतर अन्न घेत नाहीत आणि संध्याकाळी तर परत निघणार होते. दवाखान्यात आया असलेल्या आमच्या सरूबाई पहाटेपासून चुलीपाशी होत्या. भिक्खूंच्या पात्रात आपल्या हाताने भात वाढावा, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा.

"जाधवभाऊ, बाराच्या आत हां!" त्यांनी मला पुनःपुन्हा बजावले.

* * *

मेळावा आम्ही रविवारी ठेवला. नोकरदार माणसे आम्ही. सुट्टी म्हणजे रविवार! पण मैदान नारपोलीत, आणि तिथले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, रविवारी नव्हे, शुक्रवारी बंद असतात, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. मैदानाभोवती अखंड खडखडाट. श्रीलंकेच्या ढोलवादकाने क्षणभर कान दिला आणि दुभाष्यामार्फत विचारले, "तुमचे वादक ताल उत्तम धरतात, पण थांबत का नाहीत?"

लूमवर काम करणारे आमचे दगडूमामा म्हणाले, "त्यांना सांगा, शिफ्ट सुटल्याबिगर न्हाय थांबत!"

ढोलवादक हसला आणि त्याच तालावर वाजवू लागला.

* * *

थायलंडच्या नर्तिका बोटांत पितळेची लांब नखे घालून नाचत होत्या. डोंगराकडच्या पाड्यावरून आलेल्या वारली बायका अगदी पुढे बसल्या होत्या. त्यांतील एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगो, हिला भाकऱ्या कोण थापून देतंय?"

दुभाष्याने तेही सांगितले! नाच संपताच ती नर्तिका खाली उतरली आणि तिने एक नख म्हातारीच्या बोटात घातले. म्हातारीने बोट उंच धरून सर्वांना दाखवले. "आता माजी सून थापंल!"

* * *

साडेअकराला आमचे अध्यक्ष भाषणास उभे राहिले. बँकेतील अधिकारी, आवाज भारदस्त. पावणेबारा झाले तरी ते आशियाच्या प्राचीन इतिहासातच होते. भिक्खू नजर खाली ठेवून शांत बसलेले. मी समोरून मनगटावरील घड्याळावर बोट आपटले.

"आपले जाधव सुचवीत आहेत," अध्यक्ष प्रसन्नपणे म्हणाले, "की वेळ भरपूर आहे!"

मंडपाच्या दारात सरूबाई भाताचे पातेले घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच सभेमधून चालत आल्या आणि मंचावर चढल्या.

"सायेब, तुमचं भाषान दुपारी बी चालंल. यांचं जेवान आता न्हाय झालं, तं आज न्हायच."

"बाई, माझे दोनच शब्द राहिले आहेत."

"मंग ते मला नंतर सांगा," सरूबाई पातेल्यावरचे झाकण काढत म्हणाल्या. "भांडी घासताना ऐकीन."

ज्येष्ठ भिक्खूंनी पात्र पुढे केले.

पुढील वर्षापासून आमच्या कार्यक्रमपत्रिकेत भोजनदान आधी आणि भाषणे नंतर असतात. अध्यक्ष तेच राहिले.