आवक-जावक यांचा रक्तदात्यांचा ग्रुप

पस्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं. म्हणजे आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा आणि जमलं तर तो परत पाठवायचा. परत पाठवण्यातच त्यांचा जीव रमे. समास कमी सोडलाय, तारीख वरच्या कोपऱ्यात नाही, सही निळ्या शाईत हवी. खोट सापडली नाही असा दिवस त्यांच्या नोकरीत उगवलाच नाही. लोक त्यांना पाठीमागे 'आवक-जावक' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्यांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की ह्यांना तो सत्कारच वाटला.

घरी बसून आता कुणाला परत पाठवायचं, हा प्रश्न होता. बायको असलं काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तेवढ्यात चौकातल्या औषध दुकानदारानं रक्तदात्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करायचं मनावर घेतलं आणि "काका, तुम्हाला वेळ असतो, तुमच्याच फोनवरून काढा," असं म्हणून सगळी यादी ह्यांच्या हातात दिली. त्या भल्या माणसानं जन्मात केलेली ही एकमेव घोडचूक असावी.

पहिल्याच आठवड्यात नियम आले. एकोणीस. रक्त मागायचं तर ठरलेल्या नमुन्यात मागायचं: रुग्णाचं पूर्ण नाव, वय, दवाखाना, मजला, खाट क्रमांक, रक्तगट अक्षरी, मागणाऱ्याचं रुग्णाशी नातं. एक रकाना राहिला की मेसेज उडाला. 'धन्यवाद' लिहिलं तरी उडाला, कारण नियम क्रमांक अकरा: ग्रुप आभारप्रदर्शनासाठी नाही. एका वेल्डरनं मुलीसाठी घाईघाईत 'ओ पॉझिटिव्ह पाहिजे, लवकर या' एवढंच लिहिलं. ह्यांनी ते काढून टाकलं, त्या जागी नियम क्रमांक सहा चिकटवला आणि समाधानानं चहा घेतला.

दुकानदाराचा फोन आला. "काका, माणूस रडकुंडीला आलेला असतो हो. त्याला कुठला खाट नंबर सुचणार?"

ह्यांनी दुकानदारालाच आठ दिवसांसाठी बाहेर काढलं.

त्यानंतर ग्रुप शांत झाला. चारशे अकरा माणसं, आणि दिवसचे दिवस कुणाचा शब्द नाही. शिस्त लागली, असा ह्यांनी अर्थ लावला. बायकोला म्हणाले, "बघितलंस? एक फालतू मेसेज नाही."

"हो ना," बायको म्हणाली आणि तिनं आपल्या फोनात डोकं घातलं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका मंगळवारी सकाळी ह्यांची धाकटी बहीण जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आतल्या आत बरंच रक्त गेलं. ऑपरेशनसाठी दोन पिशव्या रक्त हवं होतं. रक्तगट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत एकही पिशवी शिल्लक नव्हती.

"दुपारपर्यंत जमवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यापुढे थांबणं धोक्याचं आहे."

ह्या बहिणीला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं. आवाज ठाम होता. "काळजी नको. माझी चारशे माणसं आहेत."

बाकावर बसून त्यांनी नमुना भरायला घेतला. मजला कितवा ते उठून विचारून आले. मग खाट क्रमांकासाठी नर्सच्या मागे लागले.

"आजोबा, खाट अजून मिळालीच नाही त्यांना. स्ट्रेचरवरच आहेत त्या."

तेव्हा ते थांबले. खाट मिळेपर्यंत, चांगली पंचवीस मिनिटं. आत बहीण विव्हळत होती आणि हा गृहस्थ रकाना रिकामा राहू नये म्हणून फोन हातात धरून बसला होता. इथं त्याची कीव यायला हवी, पण येत नाही.

सव्वादहाला मेसेज गेला. अकरा वाजले, उत्तर नाही. 'सदस्यांनी तातडीने नोंद घ्यावी' असा दुसरा पाठवला. त्यालाही नाही. साडेअकराला त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. चारशे अकरांपैकी नऊ जणांनी मेसेज पाहिला होता.

एवढ्यात बायको कपड्यांची पिशवी घेऊन आली. "मिळालं का कुणी?"

"येतील. वाचत असतील."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, उभ्या उभ्याच फोनवर अंगठ्यानं दोन-तीन शब्द लिहिले आणि पिशवी बाकाखाली सरकवली.

अर्ध्या तासात तिघं आले. सगळ्यांत पुढं तो वेल्डर, कामावरच्या कपड्यांतच.

"तुम्ही नियम सहावाले ना?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"माझा मेसेज वाचलात?"

"तुमचा? नाही हो. दुसऱ्या ग्रुपवर आला, काकूंचा. सगळे तिकडेच आहेत ना, दोन वर्षं झाली. माझ्या मुलीलाही तिथूनच रक्त मिळालं."

"तिथला अ‍ॅडमिन कोण?"

"औषध दुकानदार. फार काही करत नाहीत ते. कुणी भलतंच टाकलं तर एकदा दटावतात, आणि कुणी रक्त द्यायला निघालं की फोन करतात, पोचलात का म्हणून." एवढं बोलून बाही दुमडत तो आत गेला.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी बहिणीनं डोळे उघडले.

"दादा, कुणी दिलं रे रक्त?"

"आमच्या ग्रुपनं," आवक-जावक म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पायथ्याशी चादर नीट करणारी बायको थांबली. "तुमच्या नाही," ती म्हणाली. "तुमचा ग्रुप मी कधीच म्यूट केलाय. लोक बाहेर पडत नाहीत, कारण पडलं की तुम्ही फोन करून कारण विचारता."

बहिणीनं डोळे मिटून घेतले. ह्यांनी फोन काढला, आपला ग्रुप उघडला आणि सावकाश लिहिलं, 'गरज पूर्ण झाली आहे. रक्तदात्यांचे मनापासून आभार.' पाठवण्याआधी एकदा वाचून पाहिलं. मग त्यांना नियम क्रमांक अकरा आठवला आणि त्यांनी दुसरं वाक्य खोडलं.