समारोप आधी, भाषण नंतर

आमच्या मंडळाला धड नाव नव्हते, पण अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार होते. खजिनदार मी. साल एकोणीसशे त्रेसष्ट. लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यांत काही मराठी माणसे होती, ऱ्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात काही उमेदवारी करत होती, कार्ल्सरूह आणि डार्मश्टाटला काही पीएच.डी. करत होती. आणि कायझर्सलाउटर्नला आम्ही. बायकामुले धरून तीस होत नव्हतो. तरी दोन महिन्यांतून एकदा रविवारी कुठेतरी जमायचे, एक व्याख्यान ऐकायचे आणि पोहे खाऊन आपापल्या गाडीने घरी परतायचे, असा क्रम होता.

मी एका ओतकाम कारखान्यात नोकरीला होतो. एखाद्या सुट्या भागाला किती लोखंड लागेल, किती तास लागतील आणि तो कितीला पडेल, हे आधी मांडून द्यायचे, हे माझे काम. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कार्ल्सरूहचा एक मराठी विद्यार्थी प्रयोगांसाठी येत असे. तो महाडजवळच्या एका गावचा. त्याचे वडील महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्यांपैकी एक होते. हे त्याने मला कामाच्या ओघात, भट्टीचे तापमान सांगावे तसे सांगितले होते. मंडळात त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. कुणी विचारलेही नव्हते.

आम्ही दोघे संध्याकाळच्या जर्मन वर्गाला जात होतो. त्या वर्गात अमेरिकन तळावरचा एक काळा सार्जंट होता. वय अडतीस-चाळीस, मागच्या बाकावर ताठ बसायचा. एकदा बाईंनी, आपले आजोबा-पणजोबा काय करत होते ते सांगा, असा पाठ दिला. कुणी शेतकरी सांगितले, कुणी सुतार. सार्जंट उठून म्हणाला, "माझे पणजोबा आमदार होते."

बाई म्हणाल्या, "शब्द चुकला तुमचा. ते विधानसभेच्या इमारतीत कामाला होते, असं म्हणायचंय ना?"

"नाही," तो म्हणाला. "ते तिथं बसायचे. खुर्चीवर."

बाई हसल्या आणि पुढच्याकडे वळल्या. वर्ग सुटल्यावर आमच्या विद्यार्थ्याने त्याला जिन्यात गाठले. मग तिघे चालत बसथांब्यापर्यंत गेलो, पण बस धरली नाही. या गावात काही गास्टहाउस, म्हणजे बिअरच्या खाणावळी, गोऱ्या सैनिकांची होती आणि काही काळ्यांची. पाटी कुठेच नव्हती, पण तो आम्हाला जिथे घेऊन गेला ते कुणाचे, हे आत शिरताच कळले. तिथे त्याने जे सांगितले ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यावर दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसांना मत मिळाले. काल गुलाम असलेली माणसे निवडून आली, विधिमंडळांत बसली. एका राज्याच्या खालच्या सभागृहात तर त्यांचे बहुमत होते. मी आकड्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. गावातल्या अमेरिकन वाचनालयात जाऊन पाहिले. जाड इतिहासात त्यावर जेमतेम एक परिच्छेद होता, पण बहुमताची गोष्ट खरी होती.

त्याचे पणजोबा अशाच एका सभागृहात होते. आगगाडीत, आगबोटीत, खाणावळीत रंगावरून कुणाला अडवू नये, असा कायदा त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना हवा होता. प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला. शेवटी एक दिवस त्यांना बोलायला मिळाले. उभे राहून ते निम्म्यापर्यंत आले, तेवढ्यात विरोधकांनी सभा तहकूब करण्याची सूचना मांडली आणि ती संमत झाली. अध्यक्षांनी सांगितले, उरलेले लिहून द्या, नोंदवून घेऊ. त्यांनी लिहून दिले. ते कधीच छापले गेले नाही. पुढच्या निवडणुकीत मतदानाच्या जागी बंदूकवाले उभे राहिले. पणजोबांची जागा गेली आणि मग हळूहळू सगळ्यांचीच गेली.

पण भाषणाची तालीम त्यांनी घरी केली होती, आणि त्यांच्या लहान मुलीने ती ऐकून ऐकून पाठ केली होती. ती मुलगी म्हणजे सार्जंटची आजी. तिने ते त्याच्याकडून घोकून घेतले. लिहायला मात्र मनाई होती. कागद एकदा दिला होता, पुन्हा द्यायचा नाही, असे ती म्हणायची.

"एकदा तरी ते सभागृहात पूर्ण म्हणायचंय मला," सार्जंट म्हणाला. "माणसं बसलेली हवीत, एक अध्यक्ष हवा. चाळीस मिनिटं लागतात."

आमचा विद्यार्थी माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाला, "अध्यक्ष तर आपल्याकडे रिकामाच बसलाय."

असे ते ठरले. चर्चचे एक सभागृह रविवारी तीन ते पाच मिळाले. पाचला तिथे चर्चच्या गायकांचा सराव होता. मी कार्यक्रम आखला. दहा मिनिटे परिचय, चाळीस मिनिटे भाषण, मग प्रश्न आणि चहा. पाऊण तास शिल्लक उरत होता. मंडळाची बैठक आमच्या घरी झाली. आमचे अध्यक्ष सगळ्यांत वडील, लुडविग्सहाफेनला रसायनशास्त्रज्ञ. सगळे त्यांना काका म्हणत. माणूस प्रेमळ होता. नव्याने आलेल्या पोरांना खोली मिळवून देण्यात त्यांनी कितीतरी रविवार घालवले होते. त्यांनी माझा कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"यात स्वागतगीत कुठाय?"

"काका, पाहुण्यांना चाळीस मिनिटं हवीत."

"ती आहेतच की. त्यांची कुठं कमी करतोय? पण प्रास्ताविक नको? अमेरिकेचा पाहुणा येतोय, आपली रीत त्याला दिसायला नको?"

चिटणीस म्हणाले, "आणि नारळ. फ्रांकफुर्टला मिळतो, मी आणतो."

माझी बायको आतून म्हणाली, "अहो, पोहे किती जणांचे करायचे ते तरी ठरवा."

विद्यार्थ्याने माझा कागद आपल्याकडे ओढला. तो म्हणाला, "काका, समारोपात तुम्ही काय बोलणार?"

"दोनच शब्द," काका म्हणाले. "मात्र मला पाच वाजून पाचची गाडी आहे. पुढची थेट रात्री. तेव्हा समारोप आधी घेऊ. भाषण नंतर."

कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे अध्यक्षाला गाडी असली की समारोप आधी होतोच. मी गावाकडे अशा सभा पाहिल्या होत्या. तरीही बेरीज जमत होती. प्रत्येकाने आपापली मिनिटे पाळली असती तर.

सार्जंट गणवेशात आला. बूट असे चमकत होते की आमच्या मुलीने वाकून त्यांत तोंड पाहिले. ती चार वर्षांची होती. त्याने सभागृह एकदा चालून पाहिले, अध्यक्षांची खुर्ची कुठे, श्रोते कुठे, आणि बोलायची जागा स्वतः दोन पावले मागे सरकवली. पुढे घडले ते असे. ऱ्युसेल्सहाइमची मंडळी गाडी चुकल्यामुळे उशिरा आली, म्हणून वीस मिनिटे थांबलो. स्वागतगीत दोन कडव्यांचे ठरले होते, ते चार कडव्यांचे झाले. प्रास्ताविकात चिटणिसांनी मंडळाची स्थापना कशी झाली ते सांगितले. जमलेल्या सर्वांना ते माहीत होते आणि पाहुण्याला ती भाषा येत नव्हती. परिचय विद्यार्थ्याने केला, इंग्रजीत, चारच वाक्यांत. मग हार, नारळ आणि छायाचित्र. छायाचित्राच्या वेळी दिवा पेटला नाही म्हणून पुन्हा हार.

मग काका उठले. ते मनापासून बोलले, हे मला आजही सांगावेसे वाटते. लोकशाही, बंधुत्व, गांधीजींचा मार्ग. अमेरिकेत काय चालले आहे ते वाचून आम्हा भारतीयांना किती दुःख होते. आपल्याकडेही पूर्वी काही दोष होते, पण समजूतदार माणसांनी ते केव्हाच सोडले. "आमच्या या मंडळातच पाहा," ते म्हणाले, "आम्ही कधी कुणाला जात विचारली नाही."

माझ्या शेजारी विद्यार्थी बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आडनाव सांगितल्यावर विचारायचं काय राहतं?"

मी चिठ्ठी पाठवली : वेळ. काकांनी वाचली, मान डोलावली, खिशात घातली आणि एक संस्कृत श्लोक सांगून त्याचा अर्थ उलगडला. दुसरी चिठ्ठी पाठवली. तीही खिशात गेली. सार्जंट समोर ताठ बसून होता. गळ्यात हार, मांडीवर नारळ. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने एकदाच पाहिले.

त्याला बोलायला मिळाले तेव्हा पाचला वीस मिनिटे कमी होती. त्याने हार काढून खुर्चीवर ठेवला आणि काकांकडे तोंड करून "अध्यक्षमहाशय" अशी सुरुवात केली. आवाज त्याचा नव्हता, जुना होता, संथ. घाई केली असती तर कदाचित निम्म्याहून पुढे गेला असता, पण त्याला ते घाईने येतच नव्हते. आजीने शिकवले त्या चालीनेच येत होते.

त्या आमदाराने आपल्या जिल्ह्यातून राजधानीला येतानाचा प्रवास सांगितला होता. पहिल्या वर्गाचे तिकीट काढले, भाडे गोऱ्या उतारूइतकेच पडले. मग गार्डने उठवून धुराच्या डब्यात बसवले, जिथे सामान आणि डुकरांच्या पेट्या होत्या. ही आगगाडी घालायला सरकारने जी हमी दिली, ती याच सभागृहाने मंजूर केली होती आणि तिच्या बाजूने माझे मत होते, असे तो म्हणत होता. रूळ माझ्या मताने पडले, करही मी भरतो, आणि बसायचे तेवढे मला नाही. ना शिवी, ना रडगाणे. भाडे, कर, हमी, एकेक रक्कम मांडत तो पुढे येत होता. माझ्या धंद्यातल्या माणसाला असे भाषण आवडते. मीच काय, मागे पोहे वाढून ठेवणाऱ्या बायकाही थांबल्या होत्या. काका पुढे झुकले होते आणि त्यांच्या गाडीचे त्यांना भान राहिले नव्हते.

"आता मी या सभागृहाकडे काय मागतो, ते सांगतो," सार्जंट म्हणाला, आणि दार उघडले.

चर्चचा हाउसमाइस्टर होता, इमारतीची देखभाल करणारा. त्याच्या मागे जिन्यात गाणारी मंडळी वह्या घेऊन उभी. "फ्युन्फ उअर," तो म्हणाला, पाच वाजले. मी उठून पंधरा मिनिटे मागितली. जास्तीचे भाडे देतो म्हणालो. तो उर्मट नव्हता. जिन्याकडे हात करून म्हणाला, "हो, पण या वीस माणसांना मी काय सांगू?"

काका हात चोळत उभे राहिले. त्यांना खरोखर वाईट वाटले होते. "उरलेलं तुम्ही लिहून द्या," ते सार्जंटला म्हणाले. "आम्ही आमच्या मंडळाच्या अंकात छापू. शब्दन् शब्द."

विद्यार्थ्याने मान खाली घातली. सार्जंट पुन्हा काकांकडे वळला. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, "आभारी आहे, अध्यक्षमहाशय. लिहून देता येत नाही." आणि टोपी घातली. काका गाडीसाठी धावले. चिटणिसांनी आभार मात्र मानलेच, कोट चढवणाऱ्या आणि मुले शोधणाऱ्या लोकांपुढे.

बसथांब्यापर्यंत आम्ही दोघे त्याच्याबरोबर गेलो. विद्यार्थी म्हणाला, "माझ्या खोलीवर चला. आम्ही दोघं ऐकतो."

"खोलीत मी रोजच म्हणतो," सार्जंट म्हणाला. "दाढी करताना."

"मग पुन्हा सभागृह घेऊ. फक्त तुमचं भाषण. अध्यक्ष मी होतो, मला एक शब्द बोलता येत नाही." सार्जंट हसला. त्या संध्याकाळचे ते एकच हसू.

आम्ही खरेच पुढच्या महिन्यातला रविवार मिळवला. पण त्याआधीच त्याला परतीचा हुकूम आला. फ्रांकफुर्टच्या गाडीवर पोचवायला आम्ही गेलो. मी विचारायचे नाही असे ठरवले होते, तरी विचारले, पणजोबांनी शेवटी काय मागितले होते?

तो म्हणाला, "ते अर्ध्या मिनिटात सांगता येईल. पण मग ते तुम्हाला नुसतं एक वाक्य वाटेल." नाही सांगितले, आणि मला राग आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आले की अमेरिकेत कायदा झाला : खाणावळीत, हॉटेलात, नाटकगृहात रंगावरून कुणाला अडवता येणार नाही. मी कात्री घेऊन ते कापले आणि मग वजाबाकी केली. अशाच अर्थाचा कायदा तिथल्या काँग्रेसने अठराशे पंचाहत्तरमध्ये केला होता, तेव्हा काळे सभासद त्यासाठी तिथेही बोलले होते. आठ वर्षांत न्यायालयाने तो मोडला. म्हणजे तेच पुन्हा मिळवायला एकोणनव्वद वर्षे लागली. ऑफिसात मी हे एका जर्मन सहकाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, राजकारण असंच हळू असतं," आणि जेवायला गेला.

काकांना मी ते कात्रण दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. "तो पोरगा फार छान बोलत होता हो," ते म्हणाले. "पूर्ण ऐकायला हवं होतं." आपण किती वेळ बोललो, याची त्यांना कल्पना नव्हती असे मला वाटते. मी सांगितले नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

विद्यार्थी त्यानंतर मंडळात आला नाही. माझ्याकडे जेवायला यायचा. बायकोने एकदा विचारले, "का हो भावजी, पोहे आवडले नाहीत का?" तो म्हणाला, "पोहे चांगले होते वहिनी. पण मला समारोप पचत नाही." पदवी घेऊन तो भारतात परतला.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. ती मराठी समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिला ते चमकणारे बूट आठवतात, बाकी काही नाही. मला तिकिटाचे भाडे, कराची रक्कम, डुकरांच्या पेट्या, सगळे क्रमाने आठवते. पण तिथवरच. निरोपाच्या वेळी गाडी हलताना सार्जंटने खिडकीतून सांगितले होते की घरी नऊ वर्षांची मुलगी आहे, ती धुराच्या डब्यापर्यंत शिकली आहे, पुढचे तो घरी पोचल्यावर शिकवील. तिने ते पूर्ण केले असेल. तिला कुठे बसलेली माणसे मिळाली का, हे मला कळायला काही मार्ग नाही.