पाचवं कावून

या जगातली कुठलीही वस्तू आमच्या साडूंना विचारल्याशिवाय बिघडते, हेच त्यांचं आयुष्यभराचं दुःख होतं. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे. भिलाईत तेव्हा जिकडे पाहावं तिकडे लाल माती आणि क्रेन. पोलादाचा एवढा मोठा कारखाना उभा राहत होता, की त्याच्या सावलीला हथखोजच्या बाजूला पन्नास लहान कारखाने निघाले. त्यातल्या एका ठेकेदाराच्या कारखान्यात रेल्वेरुळांचे बोल्ट बनत. तिथे मी टायपिस्ट आणि भाऊजी, म्हणजे आमचे साडू, माल तपासणारे.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे सगळा माल बनून झाल्यावर तपासायचे आणि खराब निघालेल्याचा ढीग पाहून कपाळाला हात लावायचे. मग वरून हुकूम आला, की माल बनतानाच दर तासाला चार नग मोजा, कागदावर ठिपके मांडा, ठिपका भरकटला की मशीन थांबवा. भाऊजींना तेव्हा जी दीक्षा मिळाली ती कायमची. पुढे कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की तीच विद्या एका अमेरिकन माणसानं जपान्यांना जाऊन शिकवली आणि आता तिथला झाडूवालाही दर्जाची काळजी वाहतो. महिनाभर ते आम्हाला जपानशिवाय दुसरं काही बोलू देईनात.

घरात ही विद्या थांबली असती तर ते भाऊजी कसले! स्वयंपाकघराच्या भिंतीवर करपलेल्या पोळ्यांचे ठिपके होते. पोळी करपली म्हणून बायकोला शब्दानं बोलत नसत, फक्त "कावून करपली?", म्हणजे का करपली, असं विचारत, आणि उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही "कावून?" असे पाच वेळा. पाचव्याला खरं कारण सापडतं, असा त्यांचा सिद्धांत. एकदा दूधवाल्या राऊताचं दूध पातळ आलं. क्वार्टरांची सगळी लाइन त्याच्यावर तुटून पडली, तर हे त्याच्या गोठ्यावर जाऊन बसले आणि पाच कावूनांनंतर परत आले. म्हणाले, "तो पाणी टाकत नाही. बालटी धुऊन उलटी ठेवत नाही, पाणी तसंच राहून राहिलं." दूध त्यानंतरही पातळच आलं, ही गोष्ट वेगळी. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले, की मागच्या आचाऱ्याला दम भरत, "मी तुझा गिऱ्हाईक आहो, अन् हे पानावर बसले ते माझे. कच्चा भात मले देऊ नको, मी पुढं देणार नाही." एका लग्नात तर नवरदेवाला भात मिळाला तो दुपारी तीनला.

मग एका उन्हाळ्यात बोल्टांची अख्खी खेप परत आली. नट बसेना. मॅनेजरसाहेबांनी कावून वगैरे विचारलं नाही. बोल्ट कातायच्या लेथवर सुखराम होता, अहिवाऱ्याकडचा, चार लेकरांचा बाप. त्याला काढायचं ठरलं आणि मी त्याच दुपारी पत्र टाइप केलं. भाऊजींनी मॅनेजरकडून तीन दिवस मागून घेतले. "माणूस बदलला तर लेथ तीच राहते साहेब. मले पाहू द्या."

तीन दिवस ते सुखरामच्या शेजारी स्टुलावर बसले. दर तासाला नग मोजत, ठिपके मांडत. ठिपके हळूहळू वर चढत होते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यांचं चाललं होतं. नट कावून बसत नाही? बोल्ट जाड आहे. जाड कावून? हत्यार झिजलं. मग बदललं कावून नाही? सुखराम हात जोडून म्हणाला, "गेज में तो पास होथे साहेब." गेज म्हणजे पोलादाचं कडं, बोल्ट त्यातून फिरत गेला की पास. मग गेजनं पास कावून केला? भाऊजींनी ते कडं मूळ नमुन्याशी ताडून पाहिलं. झिजून ढिलं झालं होतं. पाचवं कावून उरलं होतं: ते वेळेवर तपासलं कावून नाही?

ते कडं भाऊजींनीच युद्धातल्या कारखान्यातून आणलेलं. दर महिन्याला सगळे गेज ताडून पाहायचं काम त्यांचंच. बाकीचे ते पाहत. हे एक कधी पाहिलं नाही, कारण त्यावर त्यांचा जीव होता.

ते स्टुलावरून उठले. मग माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाबू, त्या पत्रातलं नाव बदल. माझं टाक."

मी म्हटलं, "भाऊजी, कोणाला काय कळतं? गेज बदलून टाका, झालं."

"सुखरामले कळते. तो माझ्याकडं पाहून राहिला."

मी नाव बदललं. आधीचं पत्र मी एक प्रश्न न विचारता टाइप केलं होतं, त्याची लाज मला तेव्हा वाटली आणि आजही वाटते. मॅनेजरांनी भाऊजींना काढलं नाही, पण तपासणीतून उचलून स्टोअरमध्ये टाकलं. खिळे आणि केरसुण्या मोजायला. घरच्या भिंतीवरचे ठिपके त्यांनी स्वतःच चुना लावून पुसले. साळी, म्हणजे भाऊजींची बायको, मात्र म्हणाल्या, "आता पोळी करपली तरी हे काही इचारत नाही, मले गमतच नाही."

सुखरामची नोकरी राहिली. शिफ्ट सुटली की तो रोज स्टोअरच्या दारात यायचा आणि त्या दिवसाचा शेवटचा बोल्ट भाऊजींच्या पुढे धरायचा. "देख लेव साहेब, बने हे का?" बरा झालाय का, एवढंच त्याला विचारायचं असे. नव्या तपासनिसानं तो आधीच पास केलेला असायचा. भाऊजींकडे आता मोजायला काही नव्हतं. ते बोल्ट हातात घेत, बोटांनी आटे चाचपत, उजेडाकडे धरून पाहत, आणि सुखराम तोपर्यंत टोपी काढून उभा राहत असे. मग ते हळूच म्हणत, "बने हे." तेव्हाच तो घरी जायचा.