एकोणीस पायऱ्यांवरचं मतदान केंद्र

रत्नागिरीजवळच्या एका गावात मी ग्रामसेविका होते, तेव्हाची गोष्ट. माझं माहेर दापोलीकडचं. राहायला मिरजोळ्यात भाड्याची खोली होती आणि रोज स्कूटीवरून गावात ये-जा करायचे. गावाची शाळा वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या कडेला, रस्ता खाली, आणि मधे चिऱ्याच्या एकोणीस पायऱ्या. मुलं त्या पळत चढायची. निवडणूक आली की मतदान याच शाळेत व्हायचं आणि त्या दिवशी गावातली सगळी म्हातारी माणसं गुडघे धरून लोकशाही बळकट करायला वर जायची.

गावात एक काका होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर खलाशी म्हणून काढली होती. तिथेच मालाच्या कप्प्यात पडले आणि कमरेखाली शरीर कायमचं बधीर झालं. चाकांची खुर्ची त्यांनी परदेशातून आणलेली. तिचं तेलपाणी ते स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मतदानाच्या दिवशी मात्र चार जण त्यांना खुर्चीसकट उचलून वर न्यायचे. कुठल्या पक्षाच्या चौघांनी उचलायचं यावर खाली रस्त्यात बराच वेळ चर्चा चाले. त्या चर्चेत काकांना घेत नसत.

एका निवडणुकीत त्यांना असं उचलून नेतानाचा फोटो पेपरात आला. खाली ओळ होती, ‘लोकशाहीचा उत्सव’. पुढच्या ग्रामसभेला काका देवळाच्या सभामंडपात आले आणि पेपरचं ते पान त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

“मॅडम, बघा नीट. चौघांच्या खांद्यावर मी. हा मतदानाचा फोटो, का मयताचा?”

सभा हसली. काका हसले नाहीत.

“यापुढे मला कोणी उचलायचं नाय,” ते म्हणाले. “खुर्ची वर जाईल असा रस्ता करा, मग मी येतो.”

सरपंच आंबा बागायतदार, माणूस मनाने चांगला, पण भाषण दिल्याशिवाय पाणी पीत नसे. ते उठले आणि म्हणाले, ग्रामपंचायतीकडे एवढा निधी नाही, आपण थेट केंद्राकडे मागू. टाळ्या पडल्या. दिल्ली लांब असली की टाळ्या सढळ पडतात. मग एक जण म्हणाला, मागतोच आहोत तर पऱ्ह्यावरचा साकवही घ्या, पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही. दुसऱ्याला स्मशानात शेड हवी होती. तिसऱ्याला त्याच्या घरासमोर विजेचा खांब.

“सगळं एकाच प्रस्तावात बसवा,” सरपंच मला म्हणाले. “तुमची भाषा चांगली आहे.”

मी बसवलं. साकव ‘मतदारांच्या सुलभ आवागमनासाठी’ झाला. खांब ‘मतदान केंद्राकडे जाणाऱ्या मार्गावरील प्रकाशव्यवस्थेसाठी’. स्मशानातली शेड काही केल्या मतदानाला जोडता येईना, तेव्हा ती ‘इतर गरजा’ या सदरात टाकली. रात्री झोप लागली, म्हणजे सरकारी नोकरीत मी बऱ्यापैकी मुरले होते.

पहिली त्रुटी दोन महिन्यांनी आली. ‘केंद्र’ असा उल्लेख अनेक ठिकाणी आहे, तो मतदान केंद्राबाबत की केंद्र शासनाबाबत, स्पष्ट करावे. मी स्पष्ट केलं. पुढे अभियंता आला, त्याने पायऱ्यांची उंची मोजली आणि सांगितलं की उतार नियमात बसवायचा तर रॅम्पला शाळेभोवती वळसे घ्यावे लागतील. मग वरच्या एका कार्यालयातून फोन आला.

“मॅडम, तुमच्या गावात दिव्यांग मतदार फार कमी दाखवलेत. लाभार्थी थोडे वाढवता येतील का?”

“कसे वाढवू, साहेब?”

“बघा काय जमतं ते,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मधे ‘सुगम्य मतदान’ या विषयावर कार्यशाळाही झाली. भाड्याच्या सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांना न्यायचं माझ्या मनात होतं. बरं झालं, आधी चौकशी केली.

त्यानंतरच्या त्रुटीत लाभार्थ्याचा प्रत्यक्ष जागेवरचा फोटो मागितला होता. मी काकांच्या घरी गेले. ते एका अटीवर तयार झाले, की कोणी उचलणार नाही. म्हणून पायऱ्यांच्या खाली, रस्त्यावर, खुर्चीत बसलेल्या काकांचा फोटो मी काढला आणि पाठवला. तो परत आला. शेरा होता, छायाचित्रात मतदान केंद्र दिसत नाही.

मी तो शेरा त्यांना वाचून दाखवला.

“मग माझं तरी दुसरं काय म्हणणं आहे?” काका म्हणाले.

विधानसभेची निवडणूक लागली तोवर फाईल फिरतच होती. त्या वेळी घरून मतदानाची सोय होती. मी अर्ज घेऊन गेले. मनातून मला हायसं वाटत होतं, की चला, रॅम्पशिवाय भागलं. काकी चहा घेऊन आल्या. काकांनी अर्ज चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

“तुम्ही माझी सोय बघता, ते कळतं मला,” ते म्हणाले. “पण बोटीवर होतो तेव्हा निवडणुका आल्या नि गेल्या, मी समुद्रात. कधी मत देता आलं नाय. आता गावात आहे. चार माणसं जातात तिथे जाऊन देईन, नायतर नाय देणार.”

“काका, नियमात आहे ते घ्या की.”

“घेईल ज्याला हवं तो. मला नको.”

मतदानाच्या दिवशी ते सकाळी पायऱ्यांखाली येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशात मतदार चिठ्ठी. दोन्ही पक्षांचे चौघे चौघे येऊन गेले, त्यांना काकांनी हात जोडून परत पाठवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ते गप्पा मारत होते, कोणावर रागावले नव्हते. मतदान संपेपर्यंत बसले आणि घरी गेले. मी त्या दिवशी तीनदा त्यांच्यासमोरून वर गेले. तिसऱ्यांदा त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

काही महिन्यांनी मंजुरी आली. सरपंचांनी पेढे मागवले. मग आम्ही पत्र वाचलं. रॅम्प नाही, साकव नाही, खांब नाही. मतदान केंद्रासाठी एक व्हीलचेअर मंजूर झाली होती. ती आली आणि नियमाप्रमाणे मतदान केंद्रात जमा केली, म्हणजे एकोणीस पायऱ्यांच्या वर. उचलून न्यायला चार जण लागले. त्यांचा फोटोही काढला, तो पाठवायचाच होता.

या सगळ्याचा शेवट केला अंगणवाडीच्या सेविकेने. पोषण आहाराच्या नोंदींवर माझी सही घ्यायला ती आली होती. टेबलावरची फाईल बघून तिने विचारलं, काय एवढं. मी सांगितलं.

“पण मॅडम, आमच्या अंगणवाडीला पायरीच नाही,” ती म्हणाली. “रस्त्यावरून सरळ आत. मतदान तिथेच का नाही घेत?”

दोन वर्षं मी शाळेचे अक्षांश-रेखांश वर पाठवत होते आणि त्या अंगणवाडीवरून रोज स्कूटी नेत होते.

सरपंचांना ही कल्पना अजिबात आवडली नाही. “केंद्रच खाली आणलं तर रॅम्प कशाला मागायचा? प्रस्ताव बाद होईल,” ते म्हणाले. “आणि साकवाचं काय?” मी त्यांच्यासमोरच तहसीलदारांना एक पानाचं पत्र लिहिलं. अधिकारी येऊन खोली बघून गेले, आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला मतदान अंगणवाडीत ठरलं. रॅम्पचा प्रस्ताव मागे घेण्यासाठी वेगळा ठराव लागतो, असं मला नंतर कळवण्यात आलं.

मतदानाच्या दिवशी काका कोणाच्या मदतीशिवाय आले, स्वतः चाकं फिरवत. काकी मागून चालत होत्या. रांग रस्त्यापर्यंत आली होती. पुढचे लोक बाजूला झाले, पोलीसही म्हणाला, “काका, तुम्ही पुढे व्हा.”

“राहू दे,” काका म्हणाले. “माझा नंबर आला की जाईन.”

ऊन चढलं होतं. पाऊण तास ते रांगेत होते. पुढच्या माणसाशी आंब्याच्या मोहराबद्दल बोलत होते, मागच्या बाईला “ढकलू नको गं” म्हणत होते. आत यंत्र उंच टेबलावर होतं, त्यांचा हात पोचेना. सेविकेने मुलांचं बुटकं टेबल पुढे केलं. केंद्राध्यक्षांनी थोडा विचार करून यंत्र त्यावर ठेवायला सांगितलं आणि पुठ्ठ्याचा आडोसा सारखा केला.

आडोशामागे ते बराच वेळ होते. मग बीप वाजला. बाहेर आल्यावर मी विचारलं, “एवढा वेळ का लागला, काका?”

“एकही धड उमेदवार नाय,” ते म्हणाले, आणि शाईचं बोट वाळवत काकींबरोबर घराकडे निघाले.